ओएसपीएफ: बाहेरचे राउट ई-१ करावेत की ई-२च राहू द्यावेत?

पॅकेट_पाटील | मंगळवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

प्रश्न जुनाच आहे: ओएसपीएफमध्ये (नेटवर्कच्या आत राउटर आपसात रस्ते ठरवतात ती पद्धत) बाहेरून आलेले राउट ई-१ (एक्स्टर्नल टाइप १) म्हणून वाटायचे की ई-२ (टाइप २)? पुस्तकात त्याचं उत्तरही आहे. पण पुस्तकातलं उत्तर आणि माझं नेटवर्क यांची गाठ काही पडेना, म्हणून हा धागा.

आमची मांडणी सांगतो. मुख्य कारखाना चाकणला, कोअर राउटर पुण्यात. तिथून लिंकांची माळ जाते ती अशी: पुणे – संभाजीनगर – अमरावती – नागपूर. कोल्हापूर आणि नाशिक थेट पुण्याला जोडलेले. शहरांमधल्या सगळ्या लिंक १०० एमबीपीएसच्या. रेफरन्स बँडविड्थ १०,००० एमबीपीएस ठेवली आहे; तिला लिंकच्या वेगाने भागलं की कॉस्ट, म्हणजे ओएसपीएफच्या हिशेबातलं अंतर. त्यामुळे प्रत्येक लिंकची कॉस्ट १००. सगळं एरिया शून्यमध्ये (ओएसपीएफचा मुख्य भाग, म्हणजे बॅकबोन).

बाहेर पडायला दोन दारं आहेत, एक पुण्यात आणि एक नागपुरात. दोन्हीकडे कोअर (आतला मुख्य राउटर) वेगळा, बॉर्डर (बाहेर जोडणारा राउटर) वेगळा. मध्ये एक गिगची तार (कॉस्ट १०) आणि तिच्यावर ट्रान्सपरंट मोडमधली फायरवॉल. बॉर्डरवर बीजीपीने (वेगवेगळ्या नेटवर्कांनी एकमेकांना राउट सांगायची पद्धत) हैदराबादच्या डेटा सेंटरचे राउट येतात आणि आम्ही ते ओएसपीएफमध्ये रीडिस्ट्रिब्यूट करतो, म्हणजे ओततो. पुण्याला मेट्रिक (पसंतीचा आकडा, कमी तो बरा) १००, नागपूरला २००. प्रकार कोणी सांगितलाच नव्हता, म्हणजे ई-२.

गंमत अशी की नागपूरच्या ऑफिसातल्या माणसाचं पॅकेट खालच्या मजल्यावरच्या लिंकने हैदराबादला जात नाही. ते अमरावती, संभाजीनगर करत पुण्याला जातं आणि तिथून हैदराबाद. नागपूरची बाहेरची लिंक १० एमबीची होती आणि फक्त बॅकअपला होती तोवर हे बरोबरच होतं. आता ती ५० एमबीची झाली आहे (पुण्याची २००). नवीन ईआरपी (कंपनीच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर) आल्यापासून नागपूर-अमरावतीचे लोक रोज फोन करून डोकं खातात.

नागपूरच्या कोअरवर हे दिसतं (कंसात ११० हा ओएसपीएफच्या विश्वासाचा आकडा, १०० हे मेट्रिक):

ओ ई२ १७२.२०.०.०/१६ [११०/१००]

आणि कोल्हापूरला? अगदी हेच, [११०/१००]. नाशिकलाही १००. ई-२ अंतर मोजतच नाही का? सरळ मेट्रिक-टाइप १ करून टाकू का? क्लासमध्ये सरांनी सांगितलं होतं की ई-१ नेहमी चांगला.

---

केबलवाला_काका | मंगळवार, रात्री १०:१५

मी छोटा माणूस, तालुक्याच्या गावात केबल आणि इंटरनेट चालवतो. आमच्याकडे सगळे मायक्रोटिक कंपनीचे राउटर. जुन्या व्हर्जनमध्ये डीफॉल्ट राउटसमोर एक ड्रॉपडाउन असायचा: ‘नेव्हर’, ‘इफ इन्स्टॉल्ड अ‍ॅज टाइप १’, ‘इफ इन्स्टॉल्ड अ‍ॅज टाइप २’, ‘ऑलवेज अ‍ॅज टाइप १’ आणि तसंच २. आमचा पोरगा जो पहिला हाताला लागेल तो निवडायचा. त्यामुळे एका गेटवेवर टाइप १ आणि दुसऱ्यावर टाइप २ असं वर्षभर चालू होतं, आणि दुसऱ्या गेटवेचे पैसे मी फुकट भरत होतो. त्याच्यावरून एक बाइट जात नव्हती!

का ते जाणकार सांगतीलच. मी फक्त पैसे भरले.

---

लीज्डलाइन_लेले | मंगळवार, रात्री १०:४०

धाग्याचं नाव वाचून आनंदाने आलो होतो. वाटलं आमच्या काळातली ई-वन लीज्ड लाइन! २.०४८ एमबीपीएस, ३२ टाइमस्लॉट, मल्टिप्लेक्सरमागे वाकून जोडायच्या तारा. बघतो तर हे भलतंच.

अवांतर म्हणून सांगतो. त्या ई-वन लिंकची ओएसपीएफ कॉस्ट डीफॉल्ट रेफरन्सने ४८ येते आणि ६४ केबीची १५६२. हे आकडे अजून पाठ आहेत. नातवाचा वाढदिवस विसरतो.

---

शून्यमार्ग | मंगळवार, रात्री ११:०५

पाटील, आधी एक गैरसमज काढू. ई-२ आतलं अंतर फेकून देत नाही, फक्त बाजूला ठेवतो. ‘शो आयपी राउट १७२.२०.०.०’ असा पूर्ण राउट विचारा. त्यात ‘टाइप एक्स्टर्न २, फॉरवर्ड मेट्रिक’ आणि पुढे एक आकडा दिसेल. तो आकडा म्हणजे बॉर्डरपर्यंतचं आतलं अंतर. नागपूरच्या कोअरवर तो ३१० असणार: तीन लिंकांचे ३०० आणि बॉर्डरच्या तारेचे १०.

आता निवड कशी होते ते बघा. ई-२ मध्ये राउटर आधी फक्त बाहेरचं मेट्रिक बघतो. १०० विरुद्ध २००, पुणे जिंकलं, संपलं. आतलं अंतर दहा असो की दहा हजार, त्याला कोणी विचारत नाही. बाहेरची मेट्रिक्स समान निघाली तरच तो फॉरवर्ड मेट्रिककडे वळतो आणि जवळचा बॉर्डर घेतो.

ई-१ मध्ये दोन्हींची बेरीज होते, आतलं अंतर अधिक बाहेरचं मेट्रिक. म्हणून ई-१ चा आकडा प्रत्येक शहरात वेगळा दिसतो.

यातून तुमचं काम प्रकार न बदलताही होतं. नागपूरचं मेट्रिकसुद्धा १०० करा. मग नागपूर कोअरला आपला बॉर्डर १० वर आणि पुण्याचा ३१० वर, म्हणजे नागपूर. अमरावतीला ११० विरुद्ध २१०, नागपूरच. संभाजीनगरला पुणे ११०, नागपूर २१०, म्हणजे पुणे. कोल्हापूर-नाशिकचा प्रश्नच नाही. एका ओळीचा बदल.

‘ई-१ नेहमी चांगला’ हे वाक्य मी पण ऐकलं आहे. ते म्हणणाऱ्याला विचारावं, कशासाठी चांगला?

---

पॅकेट_पाटील | मंगळवार, रात्री ११:२०

दंडवत! फॉरवर्ड मेट्रिक ३१०च निघालं. तीन वर्षं हा आऊटपुट बघतोय आणि त्या ओळीकडे कधी लक्षच गेलं नाही.

म्हणजे मेट्रिक सारखं केलं की ई-१ आणि ई-२ यांचं वागणं एकच?

---

सबनेट_सुमती | बुधवार, सकाळी ८:१०

दारं दोनच असतील, दोघांचा प्रकार एकच असेल आणि मेट्रिकही समान असेल, तर निवडीपुरतं हो, एकच. त्यामुळेच लोक वर्षानुवर्षं ई-२ वर सुखाने राहतात. सिस्को, ज्युनिपर, एफआरआर, कुठेही काही न सांगता रीडिस्ट्रिब्यूट केलं तर ई-२च मिळतो. सिस्कोवर मेट्रिक २०, बीजीपीतून आलेल्यांना १. दोन्ही बॉर्डरवर कोणी काहीच न लिहिल्यामुळे मेट्रिक आपोआप समान राहतं, जवळचं दार निवडलं जातं, आणि सगळ्यांना वाटतं की ई-२ अंतर बघतो. मग एक दिवस कोणीतरी एका बॉर्डरवर १ चा फरक करतो ‘थोडंसं प्राधान्य द्यायला’, आणि सगळं नेटवर्क एका दारावर कोसळतं.

खरा मुद्दा इथे आहे. ई-२ मध्ये ‘थोडंसं’ हा प्रकारच नाही. फरक एकचा असो वा हजाराचा, निकाल तोच. ई-१ मध्ये मेट्रिकचा फरक तुमच्या लिंक कॉस्टच्याच मापात मोजला जातो. ३० चा फरक म्हणजे ३० कॉस्टएवढं झुकतं माप, त्याहून जास्त नाही.

पाटील, तुमच्या माळेत पुढे एखादं ऑफिस वाढणार आहे का? त्यावर उत्तर अवलंबून आहे.

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. अमरावतीचं पॅकेट नागपूरहून गेलं, पण त्याचं उत्तर येताना कुठून येणार?

---

पॅकेट_पाटील | बुधवार, सकाळी ९:३०

सुमतीताई, दोन्ही वर्मी लागलं.

येण्याचा रस्ता: नागपूरच्या बॉर्डरवर आम्ही एएस पाथ प्रिपेंड करतो (बीजीपीत तो रस्ता मुद्दाम लांब दाखवतो), म्हणजे हैदराबादहून सगळं पुण्यालाच येतं. जाणं नागपूरहून आणि येणं पुण्याहून झालं असतं तर पुण्याच्या फायरवॉलने अर्धवट सेशन बघून सगळं टाकून दिलं असतं. हे डोक्यातच नव्हतं.

आणि हो, अकोला येतंय. दिवाळीनंतर संभाजीनगर–अमरावती लिंक कापून मध्ये अकोला बसणार आहे. दोन्हीकडे १०० एमबी.

---

सबनेट_सुमती | बुधवार, सकाळी ९:५५

मग कागद घ्या.

अकोल्याहून पुण्याचा बॉर्डर: अकोला–संभाजीनगर १००, संभाजीनगर–पुणे १००, बॉर्डर १०, एकूण २१०. अकोल्याहून नागपूरचा बॉर्डर: अकोला–अमरावती १००, अमरावती–नागपूर १००, बॉर्डर १०, एकूण २१०.

बरोब्बर मध्ये. समान मेट्रिकच्या ई-२ मध्ये अकोल्याचा राउटर दोन्ही रस्ते टेबलात ठेवेल आणि फ्लो वाटून टाकेल. निम्मे सेशन पुण्याच्या फायरवॉलमधून, निम्मे नागपूरच्या. उत्तर मात्र बीजीपी सांगेल त्या एकाच दाराने. म्हणजे अकोल्यात ईआरपीचं एक पान उघडेल, दुसरं लटकेल. अशी तक्रार शोधायला आठवडा जातो, कारण पिंग नेहमी चालतो.

इथे ई-१ ला अर्थ आहे. पुण्याला २०, नागपूरला ५० द्या. अकोला: पुणे २३०, नागपूर २६०, म्हणजे पुणे. अमरावती: नागपूर १६०, आणि पुणे अकोला मध्ये आल्यावर ३३०, म्हणजे नागपूर. नागपूर कोअरला आपलंच दार ६० वर. ३० चा झुकाव फक्त काठावरच्या अकोल्याला ढकलतो, बाकी कोणाला हलवत नाही.

हेच ई-२ मध्ये करून बघा. अकोल्यासाठी म्हणून पुण्याला एकने कमी केलं, की नागपूर परत पुण्याला धावलं.

फक्त आत्ताचेच १०० आणि २०० ठेवून प्रकार बदलू नका. आजच्या अमरावतीची बेरीज करा: पुणे २१० अधिक १००, नागपूर ११० अधिक २००.

---

शून्यमार्ग | बुधवार, सकाळी १०:२०

३१० आणि ३१०. 😄 पाटलाने काल रात्रीच उत्साहात टाइप १ केलं असतं तर आज सकाळी अमरावतीचे अर्धे लोक आत आणि अर्धे बाहेर असते.

सुमतीताईंचं मान्य. अकोल्याचं मला माहीत नव्हतं.

---

घाटवाट | बुधवार, दुपारी १:४५

थोडा विरोधी सूर लावतो.

बँका, पतसंस्था, मोठी दुकानांची साखळी, जिथे शेकडो शाखा आणि दोनच डेटा सेंटर (एक चालू, एक राखीव), तिथे मी डोळे मिटून ई-२ ठेवतो. कोणत्याही शाखेच्या राउटरवर बसा, आकडा एकच दिसतो. १०० दिसला तर मुख्य डेटा सेंटर, २०० दिसला तर राखीव. रात्री दोन वाजता फोनवर झोपेतल्या माणसाला ‘आकडा वाच’ म्हणता येतं. ई-१ असता तर त्याने ‘१३४७’ वाचलं असतं आणि मला उठून लॅपटॉप उघडावा लागला असता.

ई-२ म्हणजे दारावर बसलेला माणूस ठरवतो कोण कुठून जाणार. ई-१ म्हणजे प्रत्येक जण आपल्या घरापासूनचं अंतर मोजून ठरवतो. चालू-राखीव असेल तिथे पहिलं बरं. पाटलांकडे दोन्ही दारं चालू ठेवायची आहेत, म्हणून दुसरं. एवढंच.

आणि एक राहिलं. दोन्हीकडे उलटसुलट रीडिस्ट्रिब्युशन करणाऱ्यांनी ई-१, ई-२ च्या भरवशावर राहू नये. एका ठिकाणी ईआयजीआरपी (ओएसपीएफसारखीच आतले रस्ते ठरवायची दुसरी पद्धत) आणि ओएसपीएफ दोन राउटरांवर परस्परांत ओतले होते. ईआयजीआरपीचे बाहेरून आलेले राउट विश्वासाच्या यादीत १७० वर, ओएसपीएफ ११० वर (आकडा कमी तितका विश्वास जास्त). दुसऱ्या राउटरला आपलाच राउट पहिल्याकडून ओएसपीएफमधून फिरून परत मिळाला आणि तो त्याला जास्त खरा वाटला. प्रकार कोणताही असता तरी तो लूप झालाच असता. तिथे टॅग लावायचा आणि परत येताना टॅग बघून अडवायचा.

---

सीसीएनए_चालू | बुधवार, दुपारी ३:१०

नवशिक्याचा प्रश्न, हसू नका. केबलवाल्या काकांचा दुसरा गेटवे वर्षभर रिकामा का राहिला?

---

शून्यमार्ग | बुधवार, दुपारी ३:२५

हसतोय कोण? मोठमोठे इथे आपटले आहेत.

पसंतीचा क्रम असा: आधी एरियातला राउट, मग दुसऱ्या एरियातला, मग ई-१, सगळ्यात शेवटी ई-२. हा क्रम आकड्यांच्या आधी लागतो. ई-१ चं मेट्रिक नव्वद हजार आणि ई-२ चं १ असलं तरी ई-१ जिंकतो. काकांचा टाइप २ चा गेटवे शर्यतीत उतरतच नव्हता. पहिला मेला असता तरच त्याचा नंबर लागला असता.

---

केबलवाला_काका | बुधवार, सायंकाळी ६:००

म्हणजे पोराने न कळत मला चालू-राखीव करून दिलं होतं. आणि मी त्याला शिव्या घातल्या.

---

लीज्डलाइन_लेले | बुधवार, रात्री ९:००

दोन प्रकार मुळात का केले, ते कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. ओएसपीएफचा पहिला आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ११३१, ऑक्टोबर १९८९. दुसरी आवृत्ती १९९१ मध्ये आरएफसी १२४७. आज आपण जो प्रमाण मानतो तो जॉन मॉय यांचा आरएफसी २३२८, एप्रिल १९९८.

बाहेरून येणारं मेट्रिक कुठल्याही मापात असू शकतं. कोणाकडे रिप या जुन्या पद्धतीचे हॉप (वाटेतले टप्पे), १ ते १५. कोणाकडे हाताने लिहिलेला आकडा. तुमची आतली कॉस्ट बँडविड्थवरून काढलेली. शेर आणि लिटर एकत्र कसे मिळवणार? म्हणून टाइप २: बाहेरचा प्रवासच मुख्य खर्च आहे असं धरायचं, तो आतल्या कोणत्याही अंतरापेक्षा मोठा मानायचा आणि मापं बदलण्याची कटकट टाळायची. टाइप १ त्यांच्यासाठी, ज्यांचं बाहेरचं मेट्रिक आतल्याच मापात बोलतं.

पाटील, तुमचे २० आणि ५० हे बाहेरून आलेले नाहीत, तुम्हीच बसून ठरवलेत, तेही लिंक कॉस्ट समोर ठेवून. म्हणून तुम्हाला बेरीज करण्याचा हक्क आहे.

---

फ्रँकफर्टकर | गुरुवार, पहाटे २:३०

इथे रात्रीचे अकरा वाजलेत, तुमच्याकडे पहाट. उशिरा येऊन एक खिळा ठोकतो.

पाटील, तुमचं सगळं एरिया शून्य आहे म्हणून सुटलात. एकापेक्षा जास्त एरिया असतील तर वरच्या सगळ्या बेरजांच्या आधी आणखी एक नियम घुसू शकतो. आरएफसी २३२८ च्या १६.४.१ या भागाप्रमाणे, बॉर्डर राउटर तुमच्याच एरियात असेल आणि तो एरिया बॅकबोन नसेल, तर तो रस्ता बॅकबोनमधून जाणाऱ्या रस्त्यापेक्षा वरचढ, मग तो कितीही महाग असो. जुन्या आरएफसी १५८३ मध्ये असं नव्हतं, तिथे फक्त कॉस्ट बघायचे. म्हणून एक स्विच ठेवलाय: १५८३ शी सुसंगत राहायचं की नाही.

सिस्कोच्या आयओएसवर ही सुसंगती मुळातच चालू असते. त्याच कंपनीच्या नेक्ससवर मुळातच बंद. आमच्याकडे एका एरियात दोन्ही बसवले गेले. एक डबा म्हणे या दाराने जा, शेजारचा म्हणे त्या दाराने. पॅकेट दोघांच्या मध्ये चेंडूसारखं उडत राहिलं, टीटीएल (पॅकेटचं ठरलेलं आयुष्य) संपेपर्यंत. ट्रेसराउटमध्ये (पॅकेटचा रस्ता दाखवणारी कमांड) तेच दोन पत्ते आलटून पालटून. आम्ही दोन दिवस ई-१, ई-२ बदलत बसलो. प्रकाराचा काही संबंधच नव्हता. सगळ्या राउटरांवर ही एक सेटिंग सारखी हवी, आरएफसीतही तेच लिहिलंय.

---

सीसीएनए_चालू | गुरुवार, सकाळी ११:००

आणि एन-१, एन-२?

---

सबनेट_सुमती | गुरुवार, सकाळी ११:४०

एनएसएसए (ओएसपीएफमधल्या एका खास प्रकारच्या) एरियातली भावंडं. तिथे टाइप ५ एलएसए (बाहेरच्या राउटची सगळीकडे फिरणारी जाहिरात) चालत नाहीत, म्हणून बाहेरचे राउट टाइप ७ मधून फिरतात. बेरजेचा नियम तोच: एन-१ बेरीज करतो, एन-२ करत नाही. एरियाच्या वेशीवरचा राउटर टाइप ७ चं टाइप ५ करून बाहेर देतो. परीक्षेपुरतं एवढं बास.

---

पॅकेट_पाटील | रविवार, दुपारी १२:१५

मंडळी, काल रात्री चेंज केला. झालं. पण गाढवपणाही केला, तो सांगतो.

बीजीपीचं आधी उरकलं. नागपूर आणि अमरावतीच्या प्रीफिक्सवरचं (त्यांच्या पत्त्यांच्या गटांवरचं) नागपूरचं प्रिपेंड काढलं आणि पुण्याकडून त्यांच्यावर लावलं. तेवढा वेळ त्या दोन ऑफिसांचं काम बंद राहणार होतंच. रात्री अकराला तिथे कोणी नव्हतं, सांगूनही ठेवलं होतं.

मग प्रकार बदलायचा. आमच्या टीमचा शिरस्ता आहे, कोणताही बदल आधी छोट्या साइटवर, मग मोठ्या. म्हणून नागपूरच्या बॉर्डरवर आधी टाइप केलं: रीडिस्ट्रिब्यूट बीजीपी, मेट्रिक ५०, मेट्रिक-टाइप १, सबनेट्स. एंटर. अमरावतीहून ट्रेसराउट मारला, नागपूरहून सरळ हैदराबाद. जीव सुखावला. चहा घ्यायला उठलो.

परत येतो तर नागपूरच्या बाहेरच्या लिंकचा ग्राफ ५० वर सपाट. छताला डोकं टेकल्यासारखा. आणि चाकणहून फोन. रात्रपाळीची डिस्पॅच स्क्रीन लटकलेली, गेटपास छापत नाही, गेटवर अकरा ट्रक उभे, एक ड्रायव्हर हॉर्न सोडायला तयार नाही. फोनमध्ये मला तो हॉर्नच आधी ऐकू आला.

शून्यमार्ग यांनी बुधवारीच लिहिलं होतं! नागपूर ई-१, पुणे अजून ई-२. आकडे कोण बघतो? सगळं नेटवर्क, चाकण, कोल्हापूर, नाशिक, सगळे माळेवरून नागपूरकडे धावले. वर त्यांची उत्तरं पुण्याहून येत होती, आणि पुण्याच्या फायरवॉलला त्या सेशनचा जन्मच माहीत नव्हता.

पुण्यावर टाइप १ आणि मेट्रिक २० टाकलं आणि काही सेकंदांत सगळे आपापल्या दारी परतले. एकूण सात मिनिटं.

---

सबनेट_सुमती | रविवार, दुपारी १२:४०

अहो, आधी पुणे करायचं होतं! सगळे आधीपासून पुण्यालाच जात होते. पुणे ई-१ झालं असतं तरी कोणीच हललं नसतं, कारण जिंकणारा तोच राहिला असता. मग नागपूर ई-१ केलं की फक्त नागपूर आणि अमरावती सरकले असते.

चूक माझीही आहे. बेरजा सांगितल्या, क्रम सांगितला नाही.

---

घाटवाट | रविवार, दुपारी १:०५

‘आधी छोटी साइट’ हा शिरस्ता मीही पाळतो आणि शंभरातल्या नव्व्याण्णव बदलांना तो बरोबर आहे. हा शंभरावा. इथे छोट्या साइटवर केलेला बदल छोट्या साइटपुरता राहत नाही, टाइप ५ एलएसए सगळ्या गावाला दवंडी पिटते.

अजून एक करता आलं असतं. रीडिस्ट्रिब्युशनला राउट-मॅप (कोणत्या राउटला काय लावायचं ते सांगणारे नियम) लावायचा, एकच बिनकामाचा चाचणीचा प्रीफिक्स आधी टाइप १ करायचा आणि कोल्हापूरहून बघायचं तो कुठे जातो. तो नागपूरकडे वळताना दिसला असता.

---

केबलवाला_काका | रविवार, सायंकाळी ७:३०

सात मिनिटंच ना? आमचं वर्ष गेलं होतं.

---

पॅकेट_पाटील | (दोन महिन्यांनी) शुक्रवार, सायंकाळी ५:४०

धागा वर काढतोय.

अकोला आज जोडलं. अकोल्याच्या राउटरवर:

ओ ई१ १७२.२०.०.०/१६ [११०/२३०], पुढचा हॉप संभाजीनगर

एकच रस्ता. शेजारी दुसरी ओळ नाही. तपासायला म्हणून पुण्याच्या बॉर्डरचं बीजीपी पाच मिनिटं खाली पाडलं (या वेळी चाकणला आधी विचारून), तर २६० होऊन अमरावतीकडे वळलं आणि बीजीपी आल्यावर परत आलं. अमरावतीचे फोन बंद झालेत, आता अकोल्याचे सुरू होतील.

नागपूरच्या बॉर्डरवर पुढच्या माणसासाठी एक सूचनाही लिहून ठेवली आहे: ‘मेट्रिकचा प्रकार बदलायचा असेल तर आधी पुणे.’

---

लीज्डलाइन_लेले | शुक्रवार, रात्री ८:१०

उत्तम! पण राउटरच्या बॅनरमध्ये देवनागरी कशी काय लिहिलीत? आम्हाला कधी जमलं नाही.

---

पॅकेट_पाटील | शुक्रवार, रात्री ८:२५

बॅनरमध्ये नाही काका. कागदावर. चिकटपट्टीने डब्यावरच लावलाय.